तातामारूची उलटी घडी

"बाल्कनीतली काठी कधी रिकामी ठेवू नकोस गं. रिकामी काठी बरी दिसत नाही," असं शेजारच्या कुनिसाकी आजी मला म्हणाल्या, तेव्हा मी सुझुला या कडेवरून त्या कडेवर घेत "हो आजी, नाही ठेवत" म्हटलं आणि दार लावून घेतलं. म्हाताऱ्या माणसांच्या अशा पुष्कळ गोष्टी असतात. रात्री नखं काढू नयेत, भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचू नयेत, उत्तरेकडे डोकं करून झोपू नये. त्यांत मी ही काठी जमा करून टाकली. शिवाय मी समाजशास्त्र शिकलेली. 'शहरी वसाहतींमधील शेजारसंबंध' या विषयावर माझा प्रबंध आहे आणि त्याला मार्क चांगले पडले होते. अशा बाईला शेजारणीनं कपडे वाळत घालण्यावरून शिकवावं, याचं मला जरा हसूच आलं.

पण प्रश्न काठीचा नव्हता. प्रश्न माझ्या नवऱ्याचा होता.

तात्सुरो ज्या कंपनीत आहे ती यंत्रांचे हात बनवते. मोटारीचं दार डाग देऊन जोडणारे, टाकीला रंग मारणारे असे हात. तिथल्या कुणाला तरी वाटलं की मोटारीचं दार जोडणाऱ्या हाताला सदऱ्याची घडी घालणं काय अवघड आहे? हे वाटणारा माणूस पुरुष होता हे मी वेगळं सांगत नाही. तर तात्सुरो आणि त्याचे दोघे सहकारी घडी घालणाऱ्या यंत्रामागे लागले. वरच्या साहेबांनी, म्हणजे कुरामोची साहेबांनी, अट घातली: पावसाळी महिना संपेपर्यंत या यंत्रानं एका खऱ्या घरातले खरे कपडे सांभाळून दाखवावेत. जमलं तर काम पुढे चालू. नाही जमलं तर तुकडी मोडायची आणि तात्सुरोनं आकिताच्या कारखान्यात जायचं.

एकट्यानं. आमच्याकडे बदली झालेला माणूस एकटाच जातो, बायकापोरं मागे राहतात आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. किताक्युशूहून आकिता म्हणजे जपानच्या या टोकाहून जवळजवळ त्या टोकाला. सुझुला तेव्हा नुकतं बसता येऊ लागलं होतं. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची, आणि मी झोपले की तात्सुरोनं ते बघायचं असा आमचा करार होता. तो गेला तर माझ्या झोपेच्या वेळी बोट कोण धरणार?

म्हणून 'खरं घर' कुठलं घ्यायचं असा विषय निघाला तेव्हा "आमचंच घ्या, लहान मूल आहे, कपड्यांना तोटा नाही" असं मीच सुचवलं. माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो तो असा, हौसेनं आणि स्वतः उचलून.

यंत्राचं नाव तातामारू. 'तातामु' म्हणजे घडी घालणं आणि 'मारू' आमच्याकडे जहाजांना आणि जुन्या काळच्या पोरांना लावतात. ह्याच्यात जहाजाचं वजन आणि पोराची अक्कल दोन्ही असल्यानं नाव शोभलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौघांनी त्याला जिन्यानं वर आणला, आणि प्रत्येक मजल्यावर एकेक दार किलकिलं झालं.

दुसऱ्या दिवशी रहिवासी मंडळाचे अध्यक्ष ओगाता काका आले. ते बूट न काढता उंबऱ्यावरच उभे राहिले, म्हणजे भेट सरकारी होती.

"वहिनी, वर काय आणलंय म्हणे तुम्ही?"

"कपड्यांच्या घड्या घालणारं यंत्र आहे, काका."

"हलतं का?"

"हात हलतात."

"आवाज करतं?"

"थोडासा. कण्हल्यासारखा."

काकांचा चेहरा पडला. "वहिनी, पाळीव प्राण्यांना आपल्याकडे बंदी आहे."

"अहो, प्राणी कुठे! यंत्र आहे ते. फर्निचर समजा."

"फर्निचर कण्हत नाही," काका म्हणाले.

मंडळाची बैठक झाली. तातामारू हा रहिवासी नाही, कारण तो वर्गणी देत नाही. तो प्राणी नाही, कारण तो खात नाही. फर्निचर नाही, कारण तो काम करतो. शेवटी त्याला 'दीर्घकाळ मुक्कामाचा पाहुणा' म्हणून मान्यता मिळाली. पण दीर्घकाळ राहणाऱ्या पाहुण्यालाही सार्वजनिक आवारातल्या गवतकापणीला यावं लागतं असा नियम निघाला. त्यामुळे रविवारी सकाळी तात्सुरोनं आधी आपल्या वाटणीचं गवत कापलं, मग टोपी बदलून तातामारूच्या वाटणीचं. टोपी बदलायचं कारण नव्हतं. पण तो म्हणाला, नियमाचं काम नियमानं झालेलं बरं.

आता खरी गंमत. तातामारूला कपडे एकसारखे वाळलेले लागत. बाल्कनीत वाळलेला कपडा एका बाजूनं कडक, दुसऱ्या बाजूनं दमट, वर धूळ. असा कपडा हातात आला की तो विचारात पडे. म्हणून कंपनीनं ड्रायरही पाठवला आणि ताकीद दिली की धुतल्यापासून कपाटात जाईपर्यंत माणसाचा हात लागता कामा नये, लागला तर चाचणी बाद. साहजिकच बाल्कनीतली काठी रिकामी पडली. चिमटे नुसते ओळीनं बसून राहिले, सभा रद्द झाल्याचं कुणी न कळवलेल्या सभासदांसारखे.

टॉवेल त्याला छान जमत. चौकोनी वस्तूंवर त्याचं प्रेमच होतं. पण बाळाचं घर चौकोनी नसतं हो. सुझुच्या ससोबाच्या टोपीचे कान तो आत दुमडायचा, ते उसळून बाहेर यायचे, तो परत दुमडायचा. लाळेरं त्याला रुमाल वाटे आणि मग नाडी बघून धक्का बसे. आणि मोजा! एवढासा मोजा तो वर उचलून बघे, खाली ठेवी, पुन्हा उचली, डोक्यावरचा दिवा पिवळा होई. एक अख्खी दुपार त्यानं एका मोज्याच्या चिंतनात घालवली. पलीकडे शर्टांचा ढीग तसाच.

"याला काय झालंय?" मी तात्सुरोला विचारलं.

"मोटारीचं दार प्रत्येक वेळी तेच दार असतं," तो डोकं धरून म्हणाला. "कापड दर वेळी नवं असतं गं. तोच मोजा, पण काल जसा पडला होता तसा आज पडत नाही."

"मला नाही बाई कधी विचार करावा लागत."

"तेच तर. तू काय करतेस ते सांग ना मला नीट."

मी सांगायला गेले. मी काय करते? मोजा हातात येतो आणि घडी होते. मधलं काही मला सांगता येईना. माझ्या सगळ्या शिक्षणात हे कुणी मला विचारलं नव्हतं.

एकदा त्यानं दुपट्याची घडी घालायला घेतली तेव्हा दुपट्याच्या दुसऱ्या टोकाला सुझु होती. काही झालं नाही, हात बराच लांब होता, पण मी झडप घालून तिला उचललं. त्या दिवसापासून तातामारू चालू असला की सुझु माझ्या पाठीवर बांधलेली, आणि मी यंत्रासमोर पहाऱ्याला उभी. पूर्वी जे काम मी रेडिओ ऐकता ऐकता उरकत असे, ते न करण्यात आता माझा सबंध दिवस जाऊ लागला. सगळ्या इमारतीत आमच्याइतकी आधुनिक धुलाई कुणाची नव्हती आणि माझ्याइतकी दमलेली बाईही.

अशातच एकदा हात न लावायचा नियम विसरून खाली पडलेला मोजा उचलायला मी वाकले आणि तातामारूनं माझी बाही पकडली. कापड दिसलं, पकडलं. त्याचं काही चुकलं नाही. तो हळुवारपणे बाही दुमडायला लागला, आत हात आहे हे लक्षात आल्यावर दिवा पिवळा करून थांबला, पण सोडीना. आणि नेमकी बेल वाजली.

"अगं चिगुसा, मी आहे, कुनिसाकी. बरी आहेस ना?"

काय सांगणार होते मी दाराआडून? की यंत्रानं धरून ठेवलंय? पाठीवर मूल, अंगात उलटा घातलेला सदरा, केसांना तीन दिवस फणी नाही. मी श्वास रोखून गप्प उभी राहिले. सुझुही कधी नव्हे ती गप्प राहिली. बेल पुन्हा वाजली. मग आजींच्या सपाता हळूहळू लांब गेल्या. तात्सुरोनं फोनवरून सांगितलेली कळ दाबून माझी सुटका झाली तेव्हा बाहीची घडी मात्र उत्तम पडली होती.

पुढे असे दिवस गेले आणि कुरामोची साहेब येण्याचा दिवस उजाडला. साहेब, मुख्य कचेरीतले आणखी दोघे, सगळे गडद रंगाच्या सुटांत. त्यांचे काळे बूट आमच्या दाराशी बूट काढायच्या टीचभर जागेत मावेनात, त्यामुळे बाहेरचं दार लागेना, ते तसंच अर्धवट उघडं राहिलं. त्यामुळे एसी लावूनही उकाडा मरणाचा. बाल्कनीचं दार उघडलं तर डास, म्हणून मी डासांची उदबत्ती लावून कोपऱ्यात ठेवली.

तातामारूनं टॉवेलांच्या घड्या झकास घातल्या. शेवटचा छोटा पांढरा रुमाल चौकोनी करून बाजूला ठेवला. तात्सुरोनं माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात आकिता पुसून टाकलं.

साहेब म्हणाले, "टॉवेल ठीक. आता कपडा दाखवा. असा, की ज्याची घडी आमच्या बायकोलाही विचारून घालावी लागते."

तात्सुरोनं आपला घरात घालायचा पांढरा युकाता, म्हणजे पुढून एकावर एक बाजू घेऊन नेसायचा लांब सुती झगा, काढला. टेबल पुरेना, म्हणून चटईवर पांढरी गादी पसरली. तारेची लांबी बेताचीच, म्हणून गळपट्टी उत्तरेकडे आली. तातामारूनं युकाता पसरला, बाह्या आत घेतल्या, आणि एक बाजू दुसरीवर टाकली. उजवी बाजू डावीवर.

आमच्याकडे डावी बाजू वर येते. नेसताना, घडी घालताना, नेहमी. उजवी बाजू वर आयुष्यात एकदाच येते, आणि ज्याला नेसवतात त्याला ती दिसत नाही. हे आमच्यात लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. पण तात्सुरोनं यंत्राला शिकवताना कॅमेऱ्यासमोर उभं राहून घडी घातली होती आणि यंत्रानं ती आरशातल्यासारखी उचलली होती. ते त्याच्या लक्षात येतंय न येतंय तोच, ठेवायला जागा म्हणून तातामारूनं तो छोटा पांढरा रुमाल उचलून युकात्याच्या गळ्याच्या वर, डोकं असतं तिथे, आमच्याकडे गेलेल्या माणसाचा चेहरा झाकतात तसा, व्यवस्थित ठेवला. मग ड्रायर, एसी आणि तातामारू यांचा भार न सोसून घरातली वीज गेली. तातामारूचा हात युकात्याच्या छातीशी थबकला आणि मान खाली झाली.

तात्सुरो न्हाणीघरात बटणं बघायला धावला. तिघे साहेब घडी कुठे चुकली ते बघायला गुडघे टेकून, माना खाली घालून बसले. कोपऱ्यात धूर. अर्धवट अंधार. आणि मी सुझुला पाठीवर घेऊन रडायला लागले, कारण आकिता परत आलं होतं.

याच वेळी कुनिसाकी आजींनी दारातून आत पाहिलं.

त्या तिथेच बसल्या. "अगं पोरी... कधी झालं?"

"आत्ताच, आजी," मी नाक पुसत म्हटलं. "एकाएकी बंद पडलं सगळं."

"त्रास झाला का फार?"

"नाही. आवाजसुद्धा झाला नाही."

"सुटला म्हणायचा," आजी म्हणाल्या आणि डोळ्यांना पदरासारखा रुमाल लावला. "मला संशय होताच. इतके दिवस त्याचा एक शर्ट काठीवर दिसला नाही. म्हटलं, अंथरुणाला खिळला असणार. बेल वाजवली, तू दार उघडलं नाहीस... आता पुढे काय गं करणार?"

"आकिताला पाठवणार त्याला."

"आकिताला? त्यांचं मूळ घर तिकडचं का?"

"नाही हो. कंपनीच पाठवते."

"कंपनी एवढं करते?" आजींना भरून आलं. "चांगली माणसं आहेत बाई."

"चांगली कसली! तिकडे बर्फ असतो आजी, माणसाच्या उंचीचा. त्याला थंडी मुळीच सोसत नाही."

आजींनी माझा हात हातात घेतला. "आता त्याला कसली गं थंडी," त्या म्हणाल्या.

मी रडायची थांबले. हे वाक्य मला कुठेतरी चुकीचं वाटलं. पण विचारायच्या आत ओगाता काका आले. त्यांनी बूट काढले होते, छातीशी टोपी धरली होती, आणि ते थेट साहेबांकडे वळून वाकले.

"मंडळाच्या वतीनं. गडद सूट जिना चढताना दिसले तेव्हाच ओळखलं. फार कामसू माणूस. गवत तर दोघांचं कापायचा. पुष्पचक्र सांगितलंय, खालच्या वाण्याला गाड्यांसाठी जागा सोडायला सांगितलंय. वहिनी, तुम्ही कशाचीही काळजी करायची नाही."

कुरामोची साहेब काहीच न कळून, पण वाकणाऱ्यासमोर वाकायचं म्हणून, खोल वाकले. त्यांच्यामागे बाकीचे दोघेही वाकले. एवढ्यात दिवे लागले, तातामारू कण्हला, आणि न्हाणीघरातून तात्सुरो बाहेर येऊन म्हणाला, "झालं! आलं परत!"

आजींची किंकाळी तळमजल्यापर्यंत गेली असं नंतर कळलं. ओगाता काका मात्र किंचाळले नाहीत. त्यांनी तात्सुरोकडे बघितलं, गादीकडे बघितलं, पुन्हा तात्सुरोकडे बघितलं आणि अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "पण पुष्पचक्र सांगून झालं!"

"परत घ्या की, काका."

"नियमात परत येण्याची सोय नाही," काका म्हणाले. पुष्पचक्राबद्दल म्हणाले की तात्सुरोबद्दल, ते मी विचारलं नाही.

आधी सुटातला एक जण फिसकन हसला, मग आजी रडता रडता हसल्या, मग सगळेच. कुरामोची साहेब तेवढे हसले नाहीत. ते गादीपाशी बसले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी तो रुमाल उचलला, युकाता उलगडला आणि डावी बाजू वर घेऊन सावकाश घडी घातली.

"गेल्या हिवाळ्यात आईला मीच नेसवलं होतं," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "उजवी बाजू वर." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "यंत्राला डावं-उजवं शिकवता येईल, तात्सुरो. पण त्याच्यापुढे असलंच काही असेल. आणि त्याच्याही पुढे. आपल्याला माहीत आहेत हे आपल्यालाच माहीत नसलेले नियम. ते संपेपर्यंत कंपनी थांबणार नाही."

तात्सुरोनं मान लववली. मला सगळं समजलं. साहेबांचा राग यावा असं फार वाटलं, पण त्यांच्या हातात ती घडी होती.

तातामारूला जिन्यानं खाली नेलं तेव्हा पुन्हा प्रत्येक मजल्यावर दारं किलकिली झाली. ओगाता काकांनी पाहुणा गेल्याची नोंद केली आणि पुढच्या रविवारचं गवत माफ केलं. पुष्पचक्र तेवढं तीन दिवस खाली प्रवेशद्वाराशी उभं होतं. येणारेजाणारे त्याला नमस्कार करत. तात्सुरोही करायचा.

मग मी पुन्हा कपड्यांना हात लावला, आणि आपण घडी घालताना काय करतो ते मला तेव्हा दिसलं. मी बघत असते. तात्सुरोच्या कॉलरला घामाची रेघ वाढली की हा जेवायला न थांबता धावतोय. खिशात औषधाच्या गोळीचं रिकामं पाकीट, म्हणजे पोट परत बिघडलं आणि मला सांगितलं नाही. सुझुचं झबलं काखेत ताणलं, म्हणजे वाढली. घरातल्या माणसांची तब्येत मी रोज हातानं चाचपत होते आणि त्याला कपडे आवरणं म्हणत होते. तात्सुरोला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आधी बोलली असतीस तर तेही घातलं असतं त्याच्यात." इंजिनियर तो इंजिनियरच.

आमच्याकडे पावसामागून उन्हाळा येतो. तो संपताना तात्सुरो गेला. स्टेशनवर त्यानं सुझुच्या नाकाशी बोट धरलं, सवयीनं. ती त्याला चावली.

माझी काळजी करू नका. कुनिसाकी आजी आता बेल वाजवून परत जात नाहीत. दार उघडेपर्यंत बोटच काढत नाहीत. सुझु दुपारी त्यांच्याकडे झोपते आणि श्वास त्या बघतात. ओगाता काका जिन्यात मला थांबवून "सगळं ठीक ना वहिनी?" असं इतक्या करड्या आवाजात विचारतात की ठीक नसायची हिंमत होत नाही. एका इमारतीनं एकदा तुमचं सुतक धरलं की तुम्ही तिचे होता.

पण तिकडे त्याला कोण आहे? तो रोज फोन करतो. चेहरा दाखवतो, त्याखालचं काही दाखवत नाही. जेवलास का म्हटलं की "हो", काय जेवलास म्हटलं की "नेहमीचं". परवा बोलताना मध्येच खोकला, आणि म्हणाला शेजारचा खोकतोय. कंपनीच्या त्या खोल्यांमध्ये शेजारच्याचं नावसुद्धा त्याला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कुणाचं आकिताकडे जाणं झालं, तर कारखान्यामागे कंपनीच्या खोल्यांची लांबट इमारत आहे, वरच्या मजल्यावर अगदी टोकाचं दार. उंच, जरा वाकून चालणारा माणूस. हाक मारली की आधी "काही नको" म्हणेल, तो विक्रेत्यांना घाबरतो. तो म्हणेल, मी ठीक आहे. ते ऐकून लगेच निघू नका. पत्ता चुकलो म्हणा, पाणी मागा, काहीही करा, पण आत जा आणि थोडा वेळ त्याच्यासमोर बसा. खोकतो का ते बघा. आणि मला कळवा.